येतो म्हणायचं नाही

दिघीच्या काकांनी मला ठेवून घेतलं. हे सगळ्यांत आधी लिहितो. पुढं जे सांगणार आहे ते वाचून कुणालाही वाटेल की हा माणूस थोडा सरकलेला आहे, आणि त्या हसण्यात ठेवून घेतल्याची गोष्ट मागं पडेल. ती मागं पडायला नको.

मी जिंतूरकडचा. शाळा नववीत सुटली; सोडली म्हणा, सुटली म्हणा. चाकणला कंपनीत लावतो म्हणून आमच्या भागातल्या एका मुकादमानं मला आणलं. भोसरीच्या चौकात उतरल्यावर तो म्हणाला, "थांब इथंच, चहा पिऊन येतो." तो आलाच नाही. माझ्यासारखा माणूस अशा वेळी काय करतो? थांबतो. पिशवी पायांत धरून मी ऊन डोक्यावर येऊन कलेपर्यंत तिथंच उभा. जागा सोडली आणि नेमका तेवढ्यात तो आला तर, ही भीती.

शेजारच्या हातगाडीवर एक म्हातारा कांदे घेत होता. घेत कसला, एकेक कांदा खिशातल्या लोखंडी चिमट्यासारख्या वस्तूत धरून डोळ्याजवळ नेऊन बघत होता. गाडीवाला वैतागला. "आबा, कांदा घ्यायचाय का सोयरीक जमवायचीय?"

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. माझ्याकडं वळून म्हणाला, "कवाधरनं बगतोय तुला. कुनाची वाट बगतो रं?"

मी सांगितलं.

"जाताना काय म्हनला त्यो?"

"येतो म्हणाला."

म्हाताऱ्याच्या हातातला कांदा हातातच राहिला. तोंड असं झालं, जणू मला टाकून गेलेला तो मुकादम हाच. कांदा गाडीवर ठेवून म्हणाला, "चल."

"कुठं?"

"तळघरात."

आता सांगा, अनोळखी गावात अनोळखी माणूस तळघरात चल म्हणाला तर शहाणा माणूस जाईल का? मी गेलो. का गेलो ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.

तळघर खरंच होतं. दिघीत काकांची दहा खोल्यांची चाळ, सगळे भाडेकरू कंपन्यांतले, आणि चाळीखाली हे तळघर. पुऱ्या दिघीत दुसरं कुणी असं खणलेलं नाही. पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी साचतं, बेडूक येतात. खणायला काढलं तेव्हा पलीकडं लष्कराची हद्द असल्यामुळं गावात बोभाटा झाला की म्हातारा लष्करात बोगदा काढतोय. दोन जवान येऊन विचारून गेले म्हणे. काकांनी त्यांना खाली नेलं, खाटेवर बसवलं आणि विचारलं, "तुमच्यात कुनी वाजवनारं हाय का?" जवान चहा न पिता गेले.

त्या तळघरात दर शनिवारी संध्याकाळी काका दिवा लावून बसत. नियम असा की भाडेकरूंपैकी ज्याला वाटेल त्यानं खाली यावं आणि पाहिजे तो गोंगाट करावा. गाणं म्हणावं, डबा वाजवावा, शिव्या द्याव्यात, चालेल. पण कुणी येत नसे. माणसं शिफ्ट करून आलेली, त्यांना झोप पाहिजे असायची. काका एकटेच बसायचे. मी आल्यावर आम्ही दोघं झालो, कारण पावसाळ्याचे दिवस सोडले तर मी तिथंच राहत होतो. जाणार कुठं?

काकांनी मला व्हर्निअर वाचायला शिकवलं. कांदे मापायची ती वस्तू म्हणजे व्हर्निअर. जॉबची, म्हणजे मशीनवर घडवलेल्या भागाची, जाडी आणि व्यास मापायचं साधन, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. काका पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर, टर्नर होते, तिथूनच रिटायर झाले. रविवारी ते मला कशाचीही मापं घ्यायला लावत. दाराची कडी, काकूंची बांगडी, ताटातली भाकरी. काकू ओरडायच्या, "आरं भाकरी खायाची आसती, मापायची न्हाई!" काका शांतपणे म्हणत, "खाल्ल्यावर मापता येत न्हाई म्हनून आदी." चाकणच्या एका कंपनीत मला हमाली मिळाली होती; त्याच शिक्षणावर पुढं तिथं मला हमालीतून काढून तपासणीच्या टेबलावर बसवलं. कॉन्ट्रॅक्टवरच, पण बसून.

त्या व्हर्निअरच्या एका टोकाला निळा ठिपका होता. नेलपेंटचा. तो कुणी लावला हे मी विचारलं, आणि तिथून मला सगळं ऐकायला मिळायला लागलं. सरळ नाही, एकेक शनिवारी एकेक तुकडा, आणि एकाचं टोक दुसऱ्याला जुळायचं नाही.

काका तरुण असताना कंपनीनं त्यांना जर्मनीला पाठवलं होतं, नवीन मशीन शिकायला. जर्मनीचे तेव्हा दोन देश होते. एक हिवाळा आणि अर्धा उन्हाळा ते एका लहान गावात एका विधवा बाईच्या घरी राहिले. भाषा येत नव्हती. ड्रॉइंगवरचे आणि स्टोअरमधले शब्द आणि वारांची नावं तेवढी पाठ. 'एर्झाट्सटायले' म्हणजे स्पेअर पार्ट. 'वेल्ले' म्हणजे शाफ्ट, मशीनचा फिरणारा दांडा. एक दिवस त्या घराच्या जिन्यात हातानं लिहिलेला कागद चिकटवलेला दिसला. काकांनी अक्षरं लावली: एर्झाट्सटायले. नॉये वेल्ले. शनिवार. आणि तळघराकडं बाण.

"आता तूच सांग," काका मला म्हणाले, "स्पेअर पार्ट, नवीन शाफ्ट, तळघरात, शनिवारी. काय समजशील?"

"कुणीतरी घरी वर्कशॉप टाकलंय."

"व्हय की न्हाई! मी म्हनलं, बाईच्या पोरानं लेथ टाकलाय खाली, सुट्टीचं काम करतोय. दोन हात आपले बी लागत्याल. कंपनीचा बॉयलर सूट घातला, व्हर्निअर खिशात टाकला आन् गेलो खाली."

खाली लेथ नव्हता. खाली बाईचा पोरगा होता, डोळ्यांत काजळ, केस कावळ्याच्या घरट्यासारखे. काका त्याला लांब्या म्हणत. एक मुलगी उभ्यानं पेटी वाजवत होती, विजेची, ओठ निळे, नखं निळी. एक गिटारवाला होता, तो कधी कुणाशी बोलला नाही म्हणून तो मुका. ढोल वाजवायला माणूसच नाही. "डब्यात ढोल!" काका आजही आश्चर्यानं सांगतात. "बटन दाबलं की डबा ठोकायला लागतो. ना चुकतो, ना दमतो, ना च्या मागतो."

तो बँड होता. 'स्पेअर पार्ट' हे बँडचं नाव. आणि नॉये वेल्ले म्हणजे तिकडं तेव्हा पोरापोरांत निघालेली गाण्याची नवी लाट. कारण त्या भाषेत शाफ्टलाही वेल्ले म्हणतात आणि लाटेलाही वेल्लेच. काकांना हे कळायला वेळ लागला. पेटीवालीनं त्यांना समजावायला हात हवेत असा वरखाली, वरखाली केला. काका म्हणाले, "मी म्हनलं, आसं व्हय, शाफ्ट वाकलाय तर."

मग काकांनी काय केलं? जे येत होतं ते. शाफ्ट दिसेना म्हणून समोर होतं ते मापायला लागले. माइकची दांडी धरली, व्हर्निअर लावला आणि सवयीनं, पाढ्यांतल्या शुद्ध ण सकट, मोठ्यांदा रीडिंग बोलले: "एकोणतीस!" डब्यातला ढोल चालूच होता. तो नेमका 'एकोणतीस'वर पडला. लांब्यानं डोळे विस्फारले आणि ओरडला, "एकोनतीस!" पेटीवाली ओरडली. आयुष्यात कधी न बोललेला मुकाही म्हणे ओरडला. त्या दिवशी काका बँडमध्ये गेले. म्हणजे त्यांना आपण बँडमध्ये गेलोय हे ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, इन्स्पेक्शनला ठेवलं.

पुढं वाढतच गेलं. आधी गावातल्या पोरांच्या क्लबात, मग शेजारच्या शहरात, मग मोठ्या हॉलात. लांब्या गायचा, काका मधोमध बॉयलर सूट घालून उभे राहून मापायचे: पेटीची पट्टी, गिटारची मान, पुढच्या रांगेतल्या कुणाचं नाक. रीडिंग बोलायचे मराठीत, कारण मोजणं माणूस आपल्याच भाषेत करतो. आणि चार-पाचशे जर्मन पोरं एकदम ओरडायची, "बावीस! एकोनतीस! साडेआट!" ण कुणाला जमायचा नाही. पेपरात फोटो आला. पेटीवालीनं व्हर्निअर हरवू नये म्हणून त्याला आपल्या नखांच्या रंगाचा निळा ठिपका लावून दिला.

हे खरं का? मला माहीत नाही. काकू भांडी घासता घासता म्हणायच्या, "तिकडं ह्यास्नी ताप आला हुता बाबा. तापात काय काय दिसलं, ते आजून दिसतंय." आणि मग हळूच, "मला इचारशील तर कुनी बाई हुती." मी मोबाइलवर त्या बँडचं नाव शोधून बघितलं. बँड मिळाला नाही. पुढचे कितीतरी दिवस माझ्या फोनवर ट्रॅक्टरच्या शाफ्टच्या जाहिराती येत राहिल्या.

बँड का फुटला हे तर काका दर वेळी वेगळंच सांगायचे. एकदा म्हणाले, लांब्याच्या नाकाचं माप चुकीचं बोललो, त्याला राग आला. एकदा म्हणाले, डब्यातला ढोल जळाला. मी गोंधळून जायचो. मला तर शाळेतही दोन उत्तरं दिसली की घाम फुटायचा.

खरं काय ते बाहेर आलं माझ्याच तोंडून गेलेल्या एका शब्दानं.

काकांची एक खोड सगळ्या दिघीला ठाऊक आहे. निघताना ते कधीही 'येतो' म्हणत नाहीत. 'जातो' म्हणतात. लग्नघरातून उठताना जातो, दवाखान्यात आजारी माणसाच्या उशापासून उठताना जातो. आपल्याकडं जातो कोण म्हणतं? एकदा दुखवट्याच्या घरात म्हणाले तेव्हा तिथल्या बायकांनी कानांवर हात ठेवले होते. भाडेकरूंनीही 'येतो' म्हणायचं नाही. म्हणायचंच तर वेळ सांगून: "रात्री येतो", "सोमवारी येतो". मी हे पाळायचो. नाराज केलं तर राहायची जागा जाईल ही धास्ती मला कायम. पण एकदा गावाकडनं फोन आला, वडील पडले, पायाला लागलं. मी घाईत पिशवी उचलली आणि तोंडून गेलं, "काका, येतो."

काका पायरीवर उठून उभे राहिले. "कवा?"

"काय?"

"कवा येतो? येतो म्हनलास न्हवं? कवा?"

"बघतो ना, वडलांचं कसं..."

"मंग जातो म्हन! येतो म्हनायचं न्हाई! मानसं थांबत्यात!"

मी इतका घाबरलो की जातो म्हणून निघालो, आणि रस्ताभर वडलांच्या जिवाची काळजी करत बसलो. चार दिवसांनी परतलो. त्या शनिवारी काकांनी मला खाली बसवून सांगितलं. ओरडल्याची माफी मागायची त्यांची पद्धत असावी.

बँडला रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा एक माणूस बघायला आला होता. त्याला सगळं आवडलं. फक्त म्हणाला, मापणाऱ्या माणसानं बॉयलर सूट नको, फेटा घालावा. इंडियाचा आहे तर दिसायला पाहिजे. लांब्या हो म्हणाला. पेटीवाली पेटली. तिचं म्हणणं, काकांना हातवाऱ्यांवरून कळलं तेवढं, हा टर्नर आहे, गारुडी नाही. दोघं तळघरात असे भांडले की डब्यातला ढोल बंद करायचं कुणाला सुचलं नाही, तो आपला ठोकतच होता.

"आन् मला कुनी इचारलंच न्हाई रं," काका म्हणाले. "मला फेटा बांदता येतो की! लग्नात धा-धा जनांचे बांदलेत. मला कळंना, भांडताय कशाला? बाईच्या खिडकीचा पडदा काडून मी बांदून बी दाखवला. तर ती पोरगी रडायला लागली."

शेवटी ठरलं, शनिवारी मोठ्या हॉलात कार्यक्रम आहे, रेकॉर्डवाला येणार आहे, तिथं काकांनी स्वतः ठरवावं. सूट का फेटा. जे घालून येतील ते. पण शुक्रवारी कंपनीचं बोलावणं आलं: ट्रेनिंग संपलं, आजच्याच विमानानं निघा. काकांनी बॅग भरली. जिन्यात तिघं उभे होते. सांगायचं खूप होतं, शब्द नव्हते. तेव्हा काका हात जोडून, आपण सगळे म्हणतो तेच म्हणाले. फक्त त्यांच्या भाषेत.

"इश कोम्मे."

म्हणजे येतो.

"त्यास्नी वाटलं, मी कुटं कामाला चाललोय, उद्या येनार. लांब्यानं पाठीवर थाप मारली. पोरगी हसली. मी टॅक्सीत बसलो तरी हसून हात हलवत हुती. इमानात बसल्यावर माज्या ध्येनात आलं, आरं, मी काय बोललो!"

"मग पत्र नाही लिहिलं?"

"काय लिवू? मला तीन शब्द येत हुते. शाफ्ट, स्पेअर पार्ट आन् येतो."

पुढं वर्षभरानं कंपनीतला दुसरा एक जण त्याच गावी जाऊन आला. त्यानं एवढंच सांगितलं की तळघर बंद आहे आणि त्या पोरांचा बँड मोडला, कुठल्याशा कार्यक्रमात भर स्टेजवर भांडण झालं म्हणे. त्याला याहून जास्त ठाऊक नव्हतं.

काका दिव्याकडं बघत म्हणाले, "थांबली आसत्याल का रं ती? हॉलात, माज्यासाठी? किती येळ थांबली आसत्याल? येवडं एक कळाया पायजे हुतं."

मला भोसरीचा चौक आठवला. माझ्या पायांतली पिशवी आठवली. हा माणूस मला का घेऊन आला ते मला तेव्हा समजलं, किंवा समजलं असं वाटलं. मी म्हणालो, "काका, मी विचारून सांगतो."

कुणाला विचारणार होतो, देव जाणे. पण त्याच सुमारास आमच्या कंपनीत नवीन ग्राइंडिंग मशीन बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला होता. उंच, पांढऱ्या भुवया, दिवसभर मशीनभोवती फिरायचा. आम्हा कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना त्याच्याशी बोलायची मनाई होती; गेटपास जायचा. दोन दिवस मी त्याच्या मागंपुढं नुसता फिरलो. तिसऱ्या दिवशी तो एकटा पाणी प्यायला आला आणि मी बोललो, "सर. एर्झाट्सटायले? नॉये वेल्ले?"

तो इतका खूश झाला! खांद्यावर हात ठेवून, होकाराची मान हलवत म्हणाला, "या! या! नॉये वेल्ले! डॉनर्सटाग!" आणि हात हवेत वरखाली केला.

घरी येऊन काकांना सांगितलं. काका उठूनच बसले. "डॉनर्सटाग म्हंजी गुरुवार! कंची वेल्ले म्हनला? शाफ्ट का लाट?"

"ते काही नाही सांगितलं."

"हात कसा केला? गोल फिरवला का वरखाली?"

मी खरं तेच सांगितलं. "वरखाली."

"मंग लाट हाय ती," काका म्हणाले, आणि काकूंना हाक मारली, "आगं, माजा सूट काड."

मला शंका यायला पाहिजे होती. आली नाही असं नाही. पण त्यांचं तोंड बघून गिळली.

गुरुवारी काका स्कूटरवरून चाकणला आमच्या गेटवर हजर. इस्त्रीचा निळा बॉयलर सूट, खिशात व्हर्निअर, आणि स्कूटरच्या डिकीत फेटा. दोन्ही आणलं होतं. "त्ये जे म्हनत्याल त्ये," मला नंतर म्हणाले. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, "बाबा, कोणाला भेटायचंय?"

"बँड यायचाय."

"कंपनीत? लग्न आहे काय कोणाचं?"

"मोडलेलं हाय," काका म्हणाले. "जुळतंय का बगायचं."

दुपारी ट्रक आला. खोका उतरवायला आम्हा चौघांना बाहेर बोलावलं. बघतो तर काका आधीच ट्रकपाशी, खोक्यावरच्या अक्षरांवर बोट फिरवत. त्या जर्मन साहेबानं हात वरखाली का केला होता ते मला त्या क्षणी कळलं: क्रेननं असा खाली उतरवणार, हे दाखवत होता. मशीनचा शाफ्ट खराब निघाला होता, नवीन यायचा होता. आम्हाला कोण सांगतंय?

"काका," मी म्हणालो आणि त्यांचा दंड धरला.

काकांनी खोक्यावर टिचकी मारली. मग म्हणाले, "बग की. तवा शाफ्ट हुडकाया गेलो तर लाट घावली. आता लाटंला आलो तर ह्यो शाफ्ट." आणि हसले. ते हसणं कसलं होतं हे मला आजही लावता आलेलं नाही.

तेवढ्यात इंजिनिअरसाहेब आणि आमचे सुपरवायझर आले. खोका उघडला. तेलकट कागदातून शाफ्ट निघाला, चकचकीत. कुणी काही म्हणायच्या आत काकांनी खिशातून व्हर्निअर काढला, शाफ्टला लावला आणि गेटवर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "एकोणपन्नास!"

सुपरवायझर ओरडणार होते. पण साहेबानं वाकून व्हर्निअरवरचं रीडिंग बघितलं, मान हलवली आणि काकांसारखंच म्हणाला, "एकोनपन्नास!" ण त्यालाही जमला नाही. आमची पोरं हसली आणि त्यांनीही ओरडून घेतलं. वॉचमनसुद्धा ओरडला. काका तसेच उभे, सूट घातलेले, सगळ्यांच्या मधोमध.

मग ते सुपरवायझरना म्हणाले, "सायेब, ह्यास्नी येक इचारा. तुमच्यात येकादा मानूस येतो म्हनून गेला आन् आला न्हाई, तर लोक किती येळ थांबत्यात?"

"हे काय आता?" सुपरवायझर म्हणाले, पण इंग्रजीत विचारलं. साहेबाला प्रश्न गमतीचा वाटला. त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं, जणू उत्तर तिथं लिहिलंय.

"पंधरा मिनिटं म्हणतोय," सुपरवायझर म्हणाले. "पंधरा मिनिटं थांबतात, मग जातात."

"पंधरा मिंटं?" काका म्हणाले. "पंधराच? आन् मी येवडी वर्सं..." त्यांनी स्कूटरचा आधार घेतला. मला वाटलं, झालं, उतरलं ओझं. मी साहेबाच्या पाया पडायच्या बेतात होतो.

पण काकांनी पुन्हा विचारलं. "आन् गानारी-वाजवनारी मानसं आसली तर?"

साहेबानं थोडा विचार केला. खांदे उडवून काहीतरी म्हणाला.

"म्हणतोय, मग सांगता येत नाही," सुपरवायझर म्हणाले. "तशी माणसं जास्त थांबतात."

काकांनी मान हलवली. व्हर्निअर पुसून खिशात ठेवला. वॉचमनला "जातो" म्हणाले आणि गेले.

मी त्यांचं भलं केलं का वाईट? त्या दिवसापासून त्यांनी कांदे मापायचं सोडलं. काकूंना आनंद व्हायला पाहिजे होता, तर त्या मलाच दटावायच्या, "काय केलंस रं त्यास्नी? गुमान भाजी आनत्यात." शनिवारचा दिवा मात्र चालू राहिला. एका शनिवारी वरच्या खोलीतला लातूरचा एक पोरगा डबा घेऊन खाली आला, त्याला झोप येत नव्हती म्हणून. काकांनी त्याचा डबा हातात घेऊन बघितला, मापला नाही, नुसता वाजवून परत दिला.

माझा गेटपास काही गेला नाही. उलट साहेबाला माझं 'एर्झाट्सटायले' आठवलं असावं. त्याच मशीनचं दुसरं युनिट होसूरला बसणार होतं, तिकडं जाणाऱ्यांत माझं नाव आलं. तामिळनाडू. जिंतूरपासून चाकण लांब वाटायचं, आता तर विचारूच नका. निघायच्या दिवशी पिशवी घेऊन मी काकांसमोर उभा राहिलो. नियम पाठ होता. वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "काका, जातो."

काकांनी माझा हात धरला. "येतो म्हन."

"पण काका, कधी ते मला सांगता येत नाही."

"न्हाई येत तर न्हाई. तू येतो म्हन. मी थांबीन."

मी म्हणालो. त्यांनी हात सोडला.

इथं होसूरला मला तीनच शब्द येतात: पाणी, जेवण आणि उद्या. खोलीतली पोरं निघताना काय म्हणतात ते मी कान देऊन ऐकतो, येतो का जातो, अजून कळलेलं नाही. कधी कधी कंपनी ऑपरेटरना जर्मनीला पाठवते. नववी नापासाला पाठवणार नाही, हे मला माहीत आहे. तरी काका, लिहून ठेवतो. एक दिवस मी त्या गावात जाईन. ते घर शोधीन, तळघराच्या पायरीवर बसेन आणि तुमच्या वतीनं थांबेन. पंधरा मिनिटं झाली म्हणून उठणार नाही. वाजवणारी माणसं थांबतात तेवढं थांबेन. एखादी म्हातारी बाई विचारेल, कुणाची वाट बघतोयस. तिची नखं निळी असोत नसोत, मी तिला सांगेन की ते जातो म्हणत होते, आमच्यात त्याला येतो म्हणतात.

आणि मग दिघीला येईन.